दाराआडची तालीम

बाह्या नसलेल्या बनियनला मराठी माणूस ‘सँडो’ म्हणतो. दुकानात तो अर्धा डझन सँडो मागतो, धोब्याच्या हिशेबात सँडो मांडतो, आणि दोरीवर वाळत घातलेला सँडो वाऱ्याने शेजाऱ्याच्या गॅलरीत जाऊन पडला, तर तो मागावयास जाताना किंचित ओशाळतो. हा शब्द मुळात एका माणसाचे नाव आहे, याची आठवण मात्र फारशी कोणास राहिलेली नाही. युजेन सँडो हा १८६७ साली प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मलेला बलवान पुरुष. त्याचे खरे नाव फ्रीड्रिख म्यूलर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केवळ आपल्या देहाच्या जोरावर त्याने युरोप आणि अमेरिका गाजविली. १९०१ साली लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये त्याने सुघटित शरीरांची जी भव्य स्पर्धा भरविली, तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल हेही होते. त्यानंतर तीनचार वर्षांतच तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला आणि येथेही त्याच्या नावाची चर्चा झाली.

देह उघडा करून दाखविण्यात ज्याने आयुष्य घालविले, त्याचे नाव अखेर अशा वस्त्रास चिकटले, की जे वस्त्र माणसे सदऱ्याखाली झाकून ठेवतात. दैवाचा हा विनोद मोठा मार्मिक आहे. सँडोचे पिळदार दंड आणि सँडो घालणाऱ्याचा संकोच यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कापावयास निघालेल्या माणसाची ही हकीगत आहे. तो माणूस तालमीत जात नाही. तो घरीच एका खोलीचे दार लावून घेतो, कोपऱ्यातले वजन ओढतो आणि आपल्याला कोणी पाहत तर नाही ना, याची खात्री करून घेऊन मग ते उचलतो.

त्याला तालमीत जाण्यास काय झाले, असे कोणी विचारील. तालमी काही थोड्या नव्हत्या. पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत त्या पेठोपेठी होत्या. आणि ज्या बंगळुरात शहाजीराजांनी १६३८ नंतर आपले ठाणे केले, त्या शहराच्या जुन्या पेठेतही त्या होत्या. कानडीत तालमीला ‘गरडी मने’ म्हणतात. धर्मरायाच्या देवळातून निघणाऱ्या करग उत्सवात नंग्या तलवारी घेऊन जे वीरकुमार चालतात, त्यांचेही नाते या गरड्यांशी आहे. तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी मुद्गलांच्या जोड्या, उचलून पाहण्यासाठी ठेवलेला वाटोळा दगड, आणि मारुतीची तसबीर, असा तेथील सरंजाम महाराष्ट्रातील तालमीहून फार निराळा नसे. वजन उचलण्याची विद्याही या भूमीला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘भारश्रम’ या नावाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. महाराष्ट्रात नाल उचलण्याची परंपरा होतीच. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून जो ‘व्यायामज्ञानकोश’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केला, त्यात अशा देशी साधनांची मोठी नोंद सापडते.

असे असूनही पांढरपेशा घरातील पुष्कळ मुले तालमीच्या दारापाशी जाऊन परत फिरत. घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध, अभ्यासाचा धाक, तालीम म्हणजे दांडगाई असा समज, ही कारणे होतीच. परंतु याहून आतले एक कारण होते, आणि ते कोणी बोलून दाखवीत नसे. तालमीत जावयाचे म्हणजे लंगोट लावून चारचौघांसमोर उभे राहावयाचे. बरगड्या मोजता येतील अशी छाती, काडीसारखे दंड किंवा लोंबू लागलेले पोट घेऊन ज्यांची शरीरे कमावलेली आहेत त्यांच्या रांगेत उभे राहावयाचे. वस्तादाने दहा जोर काढ म्हणावे आणि आपले चौथ्याच जोराला कोपर थरथरावे, शेजारच्या पोराने ते पाहून तोंड फिरवून हसावे, ही कल्पनाच अनेकांना पुरे होई. दुबळ्या माणसाला दुबळेपणाचे दुःख असतेच. पण तो दुबळेपणा कोणाच्या नजरेस पडणे, हे त्याला त्याहून जड वाटते. म्हणून ज्याला व्यायामाची गरज सर्वांत अधिक, तोच व्यायामाच्या जागेपासून सर्वांत दूर राहतो.

ही कोंडी सँडोने ओळखली. रंगमंचावर तो अचाट वजने उचली. परंतु त्याचा खरा व्यवसाय उभा राहिला तो पुस्तकांवर, स्प्रिंगच्या डंबेलांवर आणि टपालाने पाठविलेल्या धड्यांवर. १८९७ साली त्याचे शक्ती कशी मिळवावी हे सांगणारे पुस्तक निघाले. तालमीतला वस्ताद त्याने जणू छापून, लखोट्यात घालून घरोघर रवाना केला. लखोटा हसत नाही आणि शेजारच्या पोराला काही सांगतही नाही.

महाराष्ट्रात या लखोट्याचा एक विद्यार्थी मोठा नामांकित निघाला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून ओळखू लागला, ते १८९७ साली एकोणतीस वर्षांचे होते आणि गादीवर यावयाचे होते. त्या वर्षी त्यांनी सँडोची सर्व साधने व पुस्तके विकत घेतली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नियमित मेहनत केली. मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि लोखंड बाजूला ठेवले. नमस्काराला यंत्र लागत नाही, खर्च पडत नाही, आणि राणीसाहेबांपासून मुलाबाळांपर्यंत घरातील सर्वांना तो घालता येतो, ही त्यांची भूमिका सुप्रसिद्ध आहे. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नमस्कारांच्या या थोर आचार्याची व्यायामाची दहा वर्षे टपालाने आलेल्या परदेशी लोखंडाच्या संगतीत गेली होती. नियमितपणाची सवय अंगी मुरावयास ती दहा वर्षे कारणी लागली नसतील, असे कोण म्हणेल?

औंधकरांनी लोखंड सोडले आणि नमस्कार धरला. बंगळुरात एका गृहस्थांनी दोन्ही धरून ठेवली. त्यांचे नाव कोलार वेंकटेश अय्यर, के. व्ही. अय्यर या नावाने ते देशभर, आणि देशाबाहेरही, ओळखले गेले. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी बंगळुरात व्यायामशाळा चालविण्यास प्रारंभ केला. ‘हर्क्युलिस जिम्नॅशियम’ हे तिचे नाव. पुढे जे. सी. रस्त्यावर त्यांची व्यायामशाळा उभी राहिली. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वोडेयार यांचा त्यांना आश्रय लाभला. १९३० साली ‘मसल कल्ट’, १९३६ साली ‘परफेक्शन ऑफ फिजिक’ आणि १९३७ साली ‘सूर्यनमस्कार’ अशी त्यांची इंग्रजी पुस्तके निघाली. बारबेल आणि हठयोगाची आसने ही एकाच पद्धतीत बसविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. आणि स्वतःचा देह तेजस्वी लोखंडी साधनांनी घडवूनही, आपल्या घडणीत त्या साधनांपेक्षा हठयोगाचा वाटा मोठा आहे, अशी कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली आहे. योगासनांवर लिहिणारे सुंदरम् हे त्यांचे बंगळुरातील सहकारी.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अय्यरांचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे त्यांचे टपाली वर्ग. शहरोशहरीच्या विद्यार्थ्यांना ते पत्राने व्यायाम शिकवीत. मध्यप्रांतातील एखाद्या तालुक्याच्या गावी नोकरी करणारा कारकून, मुंबईच्या चाळीतील एखादा शाळामास्तर, अशा माणसाने बंगळुरास पैसे पाठवावे आणि काही दिवसांनी टपालवाल्याच्या हातून धड्याचे पाकीट घ्यावे, हे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. तो ते पाकीट घरात सर्वांसमोर फोडीत नसणार. रात्री निजानीज झाल्यावर, कंदिलाची वात मोठी करून, तो धडा वाचीत असणार. शिंप्याची मोजपट्टी कोठून तरी मिळवून तो आपली मान, छाती, दंड, मनगट आणि मांडी मोजीत असणार. आणि छातीचा आकडा लिहिताना श्वास जरा अधिक भरून घेत असणार. मनुष्यस्वभाव शंभर वर्षांत इतका बदललेला नाही, की या ठिकाणी कल्पनेला चुकण्याची भीती वाटावी.

या ठिकाणी एक विसंगती नजरेस येते आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. अय्यरांच्या पुस्तकांत त्यांची स्वतःची छायाचित्रे आहेत. ग्रीक शिल्पांची आठवण व्हावी अशी ती आहेत, आणि आपल्या देहाच्या सौष्ठवाविषयी त्यांनी विनयाचा आव मुळीच आणलेला नाही. जुन्या तालमीत मारुतीची तसबीर असे. आरसा बहुधा नसे. तेथे अंगाला माती लागे आणि त्या मातीखाली गोरा-काळा, रेखीव-बेढब हा भेद बराचसा झाकला जाई. कोण किती जोर काढतो आणि कोण कोणाला चीत करतो, एवढेच पाहिले जाई. छायाचित्र आणि आरसा आले, तेव्हा शरीर काय करू शकते या प्रश्नाच्या आधी ते दिसते कसे, हा प्रश्न येऊन बसला. दार बंद करून घेणाऱ्या माणसाची लाज काही अंशी या छायाचित्रांनीच वाढविली. जे चित्र त्याला व्यायामाला प्रवृत्त करी, तेच त्याला रोज सकाळी आरशात हिणवी. आज हातातल्या मोबाइलवर क्षणाक्षणाला जी पिळदार शरीरे सरकत जातात, त्यांनी ही अवस्था शतपट केली आहे. म्हणून नवशिक्याला पहिला सल्ला कोणी द्यावयाचा असेल, तर तो हा, की पहिले सहा महिने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवावा आणि त्याच्या जागी एक वही ठेवावी.

वहीचे महत्त्व काय, हे समजण्यासाठी दाराआड प्रत्यक्ष काय घडते, ते पाहिले पाहिजे.

पहिल्या दिवशी नवशिक्या बहुधा फार उचलतो. वर्षानुवर्षांची उणीव एका संध्याकाळी भरून काढण्याची त्याला घाई असते. दुसऱ्या दिवशी अंग आंबते. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात, डोक्यावरून सदरा काढताना खांदे कण्हतात, आणि कचेरीत कोणी काय झाले म्हणून विचारले तर तो ‘झोपेत अवघडलो’ असे सांगतो. चौथ्या दिवशी वजन पलंगाखाली जाते. घरोघरी पलंगाखाली धूळ खात पडलेली डंबेले ही या अविचाराची स्मारके आहेत.

आयुर्वेदाने या बाबतीत एक शहाणपणाची मर्यादा घालून दिली आहे. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्याने करावा, असे सुश्रुत व वाग्भट सांगतात. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, श्वास तोंडाने चालू लागला, की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे. ही मर्यादा केवळ भित्र्यांसाठी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ च्या सुमारास, अमेरिकन सैन्यातील डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी गुडघे व मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांवर वजनाच्या व्यायामाचे उपचार केले. अशा रोग्यांकडून हलक्या हालचाली पुष्कळ वेळा करून घेण्याचा तोवरचा परिपाठ त्यांनी मोडला आणि वजन क्रमाक्रमाने वाढवीत नेले. पुढे वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी जी पद्धत बसविली, ती मोठी सुटसुटीत होती. जे वजन माणूस लागोपाठ दहा वेळाच उचलू शकतो, ते त्याचे पूर्ण वजन धरावयाचे. आधी त्याच्या निम्म्याने दहा वेळा, मग पाऊणपटीने दहा वेळा आणि शेवटी पूर्ण वजनाने दहा वेळा. प्राचीन वैद्याची अर्धशक्ती आणि आधुनिक वैद्याचे अर्धे वजन या दोन गोष्टी एकच नव्हेत. पण प्रारंभ निम्म्यापासून करावा, या विवेकावर दोघांचे एकमत झालेले दिसते.

पहिल्या आठदहा आठवड्यांत आणखी एक गमतीची गोष्ट घडते. आरशात काहीच फरक दिसत नाही, मोजपट्टी मागच्याच खुणेवर येते, पण वजन मात्र हलके लागू लागते. याचे कारण शरीरशास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे. सुरुवातीची ताकद स्नायू वाढल्याने येते त्याहून अधिक मज्जासंस्था शिकल्याने येते. स्नायूत असंख्य तंतू असतात. नवख्या माणसाचा मेंदू त्यांतील थोड्यांनाच एका वेळी कामाला लावू शकतो. सरावाने तो अधिक तंतूंना, अधिक वेगाने आणि एका तालात हाक देण्यास शिकतो. स्नायूंचे तंतू जाड होणे ही त्यानंतरची, सावकाशीची गोष्ट आहे. म्हणजे शरीर प्रथम आतून बदलते आणि मग बाहेरून. आरसा बाहेरचेच दाखवितो, म्हणून तो या काळात खोटी साक्ष देतो. वही खरे बोलते. मागील सोमवारी पाच किलो आठ वेळा, या सोमवारी पाच किलो दहा वेळा, एवढी एक ओळ नवशिक्याला जो धीर देते, तो कोणाच्या शाबासकीने येणार नाही.

प्राचीन ग्रीकांत मायलो नावाच्या मल्लाची एक दंतकथा आहे. इटलीच्या दक्षिणेस क्रोटन येथे राहणारा हा मल्ल ऑलिंपिक सामन्यांत सहा वेळा विजयी झाला. तो म्हणे लहानपणापासून एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले, तसतशी त्याची शक्ती वाढत गेली, आणि एके दिवशी त्याच्या खांद्यावर पूर्ण वाढलेला बैल होता. गोष्ट अर्थात गोष्टच आहे. परंतु वजन रोज इतके थोडे वाढावे, की वाढले हे शरीराला कळू नये, हे तिचे मर्म आजही बिनचूक आहे. घरी बैल नसला तरी वाळू भरलेली पिशवी असते, पाण्याची कळशी असते. आठवड्याला एक ओंजळ वाळू वाढविली, तरी मायलोचाच मार्ग चालल्यासारखे होते.

दार लावून घेण्याची लाज ही दुर्बळता आहे, ती झटकून टाकली पाहिजे, असे व्यायामाचे प्रचारक पुष्कळदा सांगतात. त्यात तथ्य थोडे आहे. बीज मातीखाली रुजते. चूल पेटविताना वाऱ्याला आडोसा करावा लागतो. जे अजून नाजूक आहे ते झाकून ठेवण्याची बुद्धी निसर्गालाही आहे. तरुणपणी तालमीत जावयास न धजलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी आपल्या खोलीत दोन डंबेले घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या लाजेने त्याला अडविलेले नसते. आडोसा देऊन उभे केलेले असते. त्या आडोशाचा त्याला उपयोग करू द्यावा.

तथापि त्या आडोशाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. जमिनीवरील वजन उचलताना कंबर वाकडी होते आहे की सरळ आहे, गुडघे आत पडत आहेत की नाहीत, हे उचलणाऱ्याला बरोबर कळत नाही. वजन अंगाजवळ धरावे, गुडघे व कुले वाकवून खाली जावे, पाठीचा कणा लांब ठेवावा, श्वास कोंडून धरू नये, वजन धाडकन न टाकता जितक्या ताब्याने उचलले तितक्याच ताब्याने खाली ठेवावे, ही सूत्रे पुस्तकात वाचता येतात. ती अंगात उतरली की नाहीत, हे सांगावयास दुसऱ्याची नजर लागते. ज्याला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्याने तर वैद्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय वजनाला हात लावू नये. टपाली शिक्षणाच्या युगात गुरूचे पत्र ही नजर थोडीफार पुरवी. आज ती अनुभवी मित्राकडून मिळेल किंवा चार दिवस शिकवणी लावून मिळेल. आणि दार उघडल्यावर बहुतेकांच्या अनुभवास येते, की आपल्याकडे सारे जग रोखून पाहत असेल ही जी भीती होती, ती खरी नव्हती. व्यायामशाळेतील प्रत्येकजण आपापल्या वजनाखाली घामाघूम झालेला असतो. दुसऱ्याच्या काडीसारख्या दंडांकडे पाहण्यास त्याला सवड नसते.

अय्यरांच्या चरित्रात या दाराच्या दोन्ही बाजू दिसतात. एका बाजूस टपालाने हजारो मैलांवरच्या बंद खोलीत शिरणारा हा शिक्षक, तर दुसऱ्या बाजूस कन्नड रंगभूमीवर नटसंच उभा करणारा, नाटककार टी. पी. कैलासम् यांचा जिवलग मित्र आणि त्यांच्या आठवणी लिहून ठेवणारा साहित्यिक. होयसळ राणीवरील त्यांची ‘शांतला’ ही कादंबरी कन्नड वाचकांत आजही परिचित आहे. त्यांची दुसरी कादंबरी ‘रूपदर्शी’. एक चित्रकार बाल येशूचे चित्र काढण्यासाठी एका निरागस मुलाला समोर बसवितो. पुष्कळ वर्षांनी विश्वासघातकी जूदासच्या चित्रासाठी तो एक पतित चेहरा शोधून काढतो आणि तो माणूस म्हणजे पूर्वीचाच मुलगा निघतो, असे तिचे कथासूत्र आहे. देह घडविण्यात जन्म घालविलेल्या माणसाला ही कथा सांगाविशी वाटली, हे अर्थपूर्ण आहे. देह हा एकदाच मिळून तसाच राहणारा दागिना नव्हे. रोज जे केले जाते, ते त्याच्यावर उमटत जाते. चांगलेही आणि वाईटही. १९८० साली अय्यरांचे निधन झाले.

येथवर ‘तो’ माणूस, ‘तो’ कारकून असेच म्हटले गेले. परंतु बंद दारामागे केवळ पुरुषच होता असे मानणे ही मोठी चूक होईल. पुरुषाला तालमीची लाज वाटे. स्त्रीला तर तालमीचे दारच नव्हते. तिच्या वाट्याला वजने आली ती दळणाची, पाण्याच्या हंड्यांची, सरपणाच्या मोळ्यांची. आणि त्यांना व्यायाम म्हणावे असे कोणास सुचले नाही. स्त्रियांच्या भारोत्तोलनाला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळावयास २००० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी सिडनी येथे आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने दोन्ही प्रकार मिळून २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०२१ साली झालेल्या टोकियोच्या सामन्यांत मणिपूरच्या मीराबाई चानूने २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले. तेव्हा तिचे वर्गातील वजन होते ४९ किलोच्या आतले. लहानपणी डोंगरातून जळाऊ लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्या मुलीची ही कहाणी सर्वश्रुत आहे. घरातील भार आणि व्यासपीठावरील भार यांत वजनाचा भेद नाही. पहिला भार कोणी मोजीत नव्हते, एवढाच भेद आहे.

पदके थोड्यांसाठी असतात. बाकीच्यांनी हा खटाटोप कशासाठी करावयाचा? उत्तर अगदी घरगुती आहे. वयाच्या चाळिशीच्या आसपास माणसाचे स्नायू, त्यांना काम न दिल्यास, हळूहळू झिजू लागतात. ती झीज दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळते ती पुढे, जेव्हा पंगतीत मांडी घालून बसलेल्या माणसाला उठताना शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो, नातवाला उचलताना हात मागे घ्यावा लागतो, न्हाणीघरात पाय घसरल्यावर तोल सावरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. चालणे उत्तमच, पण केवळ चालण्याने हे काम पूर्ण होत नाही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांची संख्या बंगळुरात जितकी वाढली आहे, तितकी क्वचितच एखाद्या शहरात वाढली असेल. तेथे उंच इमारतींतून राहणाऱ्या मराठी कुटुंबांत, रात्री उशिरा, खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून सतरंजीची चौपदरी घडी घालून तिच्यावर अलगद वजन ठेवणारा एखादा चाळिशीतला गृहस्थ असेलच. अय्यरांच्या नगरातला तो विद्यार्थी आहे. टपालाचे पाकीट तेवढे त्याला आलेले नाही.

त्याला हसू नये. त्याच्या हातात पाच किलो आहेत की पन्नास, हा प्रश्न गौण आहे. आज त्याच्या वहीत एक ओळ लिहिली जाईल, परवा दुसरी. काही महिन्यांनी केव्हातरी, स्वयंपाकघरातील भरलेला गॅसचा सिलिंडर सरकवावयास घरातील कोणी शेजारच्या मुलाला हाक मारावयास निघेल. आणि हा गृहस्थ काही न बोलता उठेल, गुडघे वाकवील, पाठ सरळ ठेवील आणि सिलिंडर जागेवर नेऊन ठेवील. घरातले क्षणभर एकमेकांकडे पाहतील. त्या रात्री खोलीचे दार लावून घेण्याची त्याला आठवणही राहणार नाही.